साच्याच्या खुणा आणि एक हिरवा झाकू

प्लॅस्टिकची कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन अर्धे मिळाल्याची रेघ, शोधतो. साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ही सवय अंगात मुरली आहे. बाटलीचं झाकण असो, स्विचचं कव्हर असो नाहीतर खेळण्यातल्या गाडीचं चाक, साचा कुठे उघडला, वितळलेलं प्लॅस्टिक कुठून आत शिरलं, इजेक्टर पिनांनी भाग कुठे ढकलून बाहेर काढला, हे सगळं त्या वस्तूवर उमटलेलं असतं. रोबोंच्या मॉडेल किटकडे मी वळलो तो याच वाटेने. पहिल्यांदा रनर, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट, हातात घेतला तेव्हा रोबो राहिला बाजूला, मी साचाच बघत बसलो होतो. इतक्या लहान भागांवर इतकं स्वच्छ काम क्वचितच बघायला मिळतं.

आणि तरीही, साचा कितीही उत्तम असला तरी तो खुणा सोडतोच. रंगाआधीची तयारी म्हणजे या खुणा एकेक करून मिटवणं. कुठली खूण का पडली हे ज्याला कळलं, त्याला ती कशी काढायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. हा छंद नव्याने लागलेली मंडळी मला भेटतात ती बहुधा रंगाबद्दल विचारतात. कोणता एअरब्रश, कोणता रंग, किती थिनर. माझं त्यांना सांगणं असतं की अजून महिनाभर रंगाचा विषयच काढू नका.

ज्यांना या दुनियेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९७९ साली जपानमध्ये ‘मोबाइल सूट गंडम’ ही ॲनिमे मालिका टीव्हीवर आली आणि जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीने त्यातल्या रोबोचं १/१४४ स्केलचं पहिलं किट बाजारात आणलं. गंडमचं प्लॅस्टिक मॉडेल म्हणून ‘गनप्ला’. त्या काळातले किट सिमेंट लावून जोडायचे आणि रंग देणं हा त्यांचा भागच होता. पुढे किटच्या वेगवेगळ्या श्रेणी निघाल्या: १९९० मध्ये हाय ग्रेड आले, १९९५ मध्ये १/१०० चे मास्टर ग्रेड, १९९८ मध्ये १/६० चे परफेक्ट ग्रेड, २०१० मध्ये पुन्हा १/१४४ मध्ये रिअल ग्रेड. आता बहुतेक किट नुसते दाबून बसतात, सिमेंट लागत नाही, आणि प्लॅस्टिकच वेगवेगळ्या रंगांचं असल्यामुळे ब्रश न लावताही रोबो छान दिसतो. तसाच ठेवायचा असेल तर त्यात काहीच वावगं नाही. पण रंगवायचा ठरवला, की जोडण्याची सगळी पद्धत मुळापासून बदलते.

सध्या माझ्या टेबलावर झाकू आहे. गंडमचा शत्रुपक्ष, हिरवा, एका डोळ्याचा, उजव्या खांद्यावर ढाल, डाव्या खांद्यावर काटे आणि तोंडापासून पायांपर्यंत फिरलेले जाड पाइप. मालिकेतली त्याची उंची १७.५ मीटर, म्हणजे १/१४४ ला जेमतेम १२ सेंटीमीटर. हे गणित मी मुद्दाम मांडतोय. भागाच्या कडेवर ०.२ मिलिमीटरची पायरी राहिली, जी नखाला लागते पण डोळ्याला चटकन दिसत नाही, तर त्या स्केलमध्ये ती जवळपास तीन सेंटीमीटरची होते. खऱ्या यंत्राच्या चिलखतावर तीन सेंटीमीटरचा उंचवटा कोणी ठेवेल का? मॉडेल खेळणं वाटतं की यंत्र वाटतं, हे अशा बारीक गोष्टींवर ठरतं. रंग या पायऱ्या झाकत नाही. फवारलेल्या रंगाचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो. त्यावर उजेड पडला की उलट त्या जास्तच उठून दिसतात, कारण आता सगळीकडे एकच रंग आहे आणि नजरेला दुसरं काही धरायला उरलेलं नाही.

तर सुरुवात. रंगवायचं किट मी आधी पूर्ण जोडतो आणि मग पूर्ण सोडवतो.

माझी पुतणी सुट्टीत आली होती, ती हे बघून चक्रावली. “काका, झाला की हा! आता परत का काढताय?”

“अजून सुरुवातच झाली नाही गं.”

“मग एवढं जोडलं कशाला?”

तिचा प्रश्न रास्त होता. जोडल्याशिवाय कळत नाही की कुठली फट डिझाइनचा भाग आहे आणि कुठली नाही. झाकूच्या गुडघ्यावरची चकती वेगळा भाग म्हणून दिसायलाच हवी, तिच्याभोवतीची रेघ राहू द्यायची. पण नडगीच्या मधोमध वरून खाली जाणारी रेघ केवळ दोन अर्धे जोडले म्हणून आलेली आहे, खऱ्या यंत्रात ती असायचं कारण नाही. जोडलेला झाकू हातात घेऊन मी अशा सगळ्या रेघांवर शिसपेन्सिलीने खूण करतो. शिसपेन्सिलच, परमनंट मार्कर नाही. मार्करची शाई वरच्या रंगातून पुन्हा वर येते आणि पांढऱ्यावर तर हमखास दिसते. आणखी एक फायदा म्हणजे कुठला भाग कुठे दुसऱ्यावर घासतो हे हात-पाय हलवून आत्ताच बघता येतं.

पण दाबून बसवलेलं किट सोडवणं जिकिरीचं असतं. म्हणून पहिल्या जोडणीआधीच प्रत्येक खुंटीचं टोक निपरने (प्लॅस्टिक कापायच्या छोट्या पक्कडीने) तिरकं छाटायचं आणि हवं तर भोकाचं तोंड किंचित मोठं करायचं. खुंटी पूर्ण कापायची नाही, भाग जागेवर बसवायला ती हवीच. नुसती पकड सैल करायची. याचा दुसरा उपयोग फारसं कोणी सांगत नाही. घट्ट खुंटी भोकाला सतत ताण देत राहते आणि ताणाखालचं प्लॅस्टिक द्रावणाला फार हळवं असतं. रंगकामानंतर खाचांमध्ये पातळ एनॅमल रंग सोडताना तो अशा जागी झिरपला तर भाग तडकतो. सांध्यांमध्ये एबीएस जातीचं प्लॅस्टिक वापरलेलं असेल तर धोका आणखी वाढतो. रनरच्या पट्टीवर प्लॅस्टिकचं नाव छापलेलं असतं, तेवढं वाचून ठेवावं.

आता रनरमधून भाग सोडवणं. ज्या बारीक मानेतून वितळलेलं प्लॅस्टिक भागात शिरतं ते गेट. इथे दोनदा कापायचं. पहिला काप भागापासून लांब, म्हणजे भाग रनरमधून मोकळा होईल आणि त्यावर दोन-एक मिलिमीटरचा ठोंब राहील. दुसरा काप ठोंबावर, निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून, तरीही अर्धा मिलिमीटर राखून. उरलेलं सुरीने तासायचं आणि मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात घासायचा सँडपेपर. एका कापात भागाला लागून कापलं तर निपरच्या पात्यांची पाचर प्लॅस्टिकला दोन्हीकडून रेटते, दाब जायला जागा नसते आणि गेटपाशी कपचा उडतो. रनर मोकळा असेल तर रेटा रनरकडे जातो. एकाच पात्याने कापणारे बारीक निपर मिळतात, ते अप्रतिम आहेत, पण जाड रनर किंवा पारदर्शक भाग त्यांनी कापू नये. पारदर्शक प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ असतं, नाजूक पात्याचा तुकडा पडतो. त्यासाठी साधा निपर बाजूला ठेवावा.

गेटपाशी पांढरट डाग पडतो त्याची चिंता रंगवणाऱ्याने करू नये. न रंगवणाऱ्यासाठी तो मोठा शत्रू आहे, पण रंगाआधी मारायच्या अस्तराखाली, म्हणजे प्रायमरखाली, तो जातोच. आपली चिंता एकच, तिथे खड्डा किंवा उंचवटा राहायला नको.

मग पार्टिंग लाइन. साच्याचे दोन अर्धे जिथे भेटतात तिथे भागावर केसासारखी रेघ येते. झाकूच्या पाइपांवर ती दोन्ही बाजूंनी लांबवर धावते आणि पाइपांना कडी-कडीचा आकार असल्याने तिथे पेपर नीट पोचत नाही. मी सुरीच्या पात्याची धार रेघेला जवळपास उभी धरतो आणि न कापता नुसती ओढत नेतो, म्हणजे प्लॅस्टिकचा भुगा निघतो, साल नाही. मग पेपरची अरुंद पट्टी मधोमध दुमडून कड्यांच्या खाचेत फिरवायची. सगळ्या किटमधलं सर्वांत कंटाळवाणं काम म्हणून लोक याच्याकडे बघतात. मला ते मनापासून आवडतं. एकेक कडी स्वच्छ गोल होत जाते आणि पाइप साच्यातून आला होता हे ओळखू येईनासं होतं.

दोन अर्ध्यांचा जोड मिटवणं हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सावकाश चालणारा भाग. त्यासाठी पातळ प्लॅस्टिक सिमेंट लागतं. हे नावापुरतंच सिमेंट, चिकटवणारं त्यात काही नाही. तामिया कंपनीच्या पातळ सिमेंटमध्ये ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट ही द्रावणं असतात. ती पॉलिस्टायरीनचा, म्हणजे किटच्या मुख्य प्लॅस्टिकचा, पृष्ठभाग विरघळवतात, दोन्ही बाजूंचं मऊ झालेलं प्लॅस्टिक एकमेकांत मिसळतं, द्रावण उडून जातं आणि मागे एकसंध प्लॅस्टिक उरतं. वेल्डिंगच म्हणा. म्हणून जिथे रंग किंवा तेलकट डाग आहे तिथे ते नीट धरत नाही, आणि सांध्यातल्या मऊ वाट्या, म्हणजे पॉलिकॅप, पॉलिथिनच्या असल्याने त्यांना ते काहीच करत नाही.

दोन्ही कडांवर सिमेंटचा ब्रश फिरवायचा, थोडं मुरू द्यायचं, पुन्हा एकदा फिरवायचा, मग अर्धे एकमेकांवर ठेवून सावकाश, समान दाबायचे. जोडातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वरंबी वर आली पाहिजे, अखंड, मध्ये न तुटता. वरंबी आली म्हणजे आत फट नाही. जिथे ती तुटली आहे तिथे घासल्यावर खाच निघणार हे आत्ताच समजून घ्यावं आणि तिथे पुन्हा थेंबभर सोडावं. वरंबीला बोट लावायचं नाही. चिमट्याने किंवा टेपने आवळून भाग बाजूला ठेवायचा.

इथे घाई करणाऱ्यांशी माझं जमत नाही. वरून जोड काही तासांत कडक लागतो, पण आतलं द्रावण बाहेर पडायला दिवस लागतात आणि ते पडत असताना प्लॅस्टिक आकसत राहतं. दुसऱ्याच दिवशी घासून सपाट केलं, प्रायमर मारला, रंग दिला, तरी जोड आतल्या आत आकसतो आणि झालेल्या रंगाखाली रेघेची बारीक खाच पुन्हा उमटते. किमान दोन दिवस थांबावं, जाड भागांसाठी आठवडा थांबलं तर उत्तम. म्हणून मी सगळे जोड आधी एकदम करून घेतो, हात, पाय, बंदूक, आणि ते वाळत असताना बाकीची कामं हातात घेतो. ज्यांना थांबणं शक्यच नाही त्यांनी काळा सुपरग्लू वापरावा. तो भरावासारखा बसतो, लवकर कडक होतो आणि काळा असल्यामुळे कुठे भरला कुठे नाही हे दिसतं. मात्र तो त्याच दिवशी घासावा. जितका जुना होईल तितका तो कडक होत जातो, आणि मग आजूबाजूचं मऊ प्लॅस्टिक आधी झिजतं.

जोडताना एक अडचण येते. माझ्या किटमध्ये कोपराचा सांधा हाताच्या दोन अर्ध्यांमध्ये अडकवून जोडायचा आहे. अर्धे कायमचे चिकटवले की सांधा आत बंद, आणि मग हिरवा हात आणि राखाडी सांधा वेगवेगळे रंगवणार कसे? टेप लावून झाकता येतं, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे सांध्याची जी कडी आतल्या खुंटीभोवती बसते तिचा थोडा भाग कापून इंग्रजी सी अक्षरासारखा आकार करायचा. मग हात चिकटवून, घासून, रंगवून पूर्ण झाला की सांधा बाहेरून सरकवून खटकन बसतो. कापताना तोंड खुंटीच्या व्यासापेक्षा थोडं लहान राहिलं पाहिजे, नाहीतर पकड जाते. आणि कापलेली बाजू अशी निवडायची की हात वाकताना जोर तिच्यावर येणार नाही. जपानी मॉडेलकारांकडे या युक्तीला ‘आतोहामे’ म्हणतात. प्रत्येक किटमध्ये ती वेगळ्या जागी लागते आणि जागा शोधणं हे एक छोटं डिझाइनचं काम आहे. मला या छंदात सर्वांत जास्त आनंद इथे मिळतो.

आता सपाटी. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर सारखं आकसतं, पण आतल्या बाजूला खुंटी किंवा रिब (आधाराची पट्टी) असेल तिथे माल जास्त, तो उशिरा थंड होतो आणि बाहेरची कातडी आत ओढतो. बाहेर उथळ खळगा पडतो, त्याला आम्ही सिंक मार्क म्हणायचो. झाकूच्या ढालीवर आणि बंदुकीच्या बाजूंवर हे असतातच. भाग उलटा करून आत खुंटी कुठे आहे बघा, बाहेर खळगा बरोबर तिथेच सापडेल.

खळगा डोळ्यांना दिसत नसेल तर पेपर दाखवतो. ४०० नंबरचा वॉटर पेपर सपाट ठोकळ्याला चिकटवायचा आणि भागावर हलक्या हाताने फिरवायचा. सपाट जागा मंद होते, खळग्यात पेपर पोचत नाही म्हणून तो चकचकीतच राहतो. ती चकाकी जाईपर्यंत घासायचं. खळगा फार खोल असेल तर घासत बसण्यापेक्षा मिस्टर सरफेसर ५०० या दाट, भराव्यासारख्या प्रायमरचा थेंब भरावा आणि वाळल्यावर सपाट करावा. ठोकळा मात्र सोडायचा नाही. पेपर नुसता बोटात धरून घासला तर बोटाच्या मऊपणामुळे कडा गोल होतात, आणि कडा गोल झाल्या की चिलखत साबणाच्या वडीसारखं दिसायला लागतं. दोन सपाट बाजू ठोकळ्याने घासल्या की मधली कड आपोआप धारदार होते. साच्यात कड अगदी तीक्ष्ण येत नाही, ती आपल्यालाच आणावी लागते, आणि चांगल्या हातातून आलेलं मॉडेल मी लांबून ओळखतो ते या कडांवरूनच.

४०० नंतर ६००, मग ८००. मी ८०० वर थांबतो. पुढचे बारीक ओरखडे प्रायमर भरून काढतो, आणि फार गुळगुळीत केलेल्या प्लॅस्टिकवर प्रायमरची पकडही कमी होते. घासणं पाण्याखाली करावं. पेपर तुंबत नाही आणि प्लॅस्टिकची भुकटी हवेत उडून नाकात जात नाही.

चिलखतावरच्या खाचांबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण इथे साचा फार स्पष्ट बोलतो. झाकूची नडगी गोलाकार आहे. समोरच्या बाजूची खाच छान खोल असते, पण तीच खाच बाजूकडे वळते तशी उथळ होत जाते आणि कधी कधी कडेला पोचेपर्यंत दिसेनाशी होते. साचा सरळ रेषेत उघडतो. उघडण्याच्या दिशेला समोर असलेल्या पृष्ठभागावर खाच पाडायची तर साच्यावर एक बारीक उंचवटा ठेवला की झालं. पण बाजूच्या, म्हणजे उघडण्याच्या दिशेला समांतर असलेल्या पृष्ठभागावर तोच उंचवटा भागाला अडकवून ठेवेल आणि भाग साच्यातून सुटणारच नाही. त्यासाठी बाजूला सरकणारी वेगळी स्लाइड करावी लागते, आणि ती प्रत्येक खाचेसाठी करणं शक्य नसतं. म्हणून साचा बनवणारा खाच हळूहळू मिटवत नेतो. त्यात त्याची काही चूक नाही, भाग सोडवायचा तर त्याला तसंच करावं लागतं.

त्याला जे शक्य नव्हतं ते आपल्याला शक्य आहे. जाड, कडक टेप खाचेच्या कडेला लावायची, ०.१५ मिलिमीटरच्या बारीक पटाशीने खाचेतून पहिली फेरी जवळपास वजन न देता ओढायची. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत खोली मिळवायची नाही, फक्त वाट पाडायची. वाट पडली की पटाशी स्वतःच तिच्यातून जाते आणि मग थोडा थोडा जोर वाढवता येतो. पटाशी नसेल तर सुरीच्या पात्याची उलटी बाजू चालते, फक्त खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी होते. शेवटी जुन्या टूथब्रशने भुगा काढून सिमेंटचा अगदी पुसट हात फिरवला की खाचेतले तंतू विरघळतात. हे सगळं प्रायमरच्या आधीच, कारण प्रायमर आणि रंगाचे थर खाच भरत जातात. आत्ता थोडी जास्तच खोल वाटणारी खाच शेवटी बरोबर दिसते.

किरकोळ पण महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टी. झाकूच्या खांद्यावरचे काटे टोकाला बोथट असतात, गंडमच्या कपाळावरच्या व्ही आकाराच्या अँटेनालाही टोकाशी जाडसर बोंडूक असतं. मुलांना लागू नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं आणि ते योग्यच आहे. घरात लहान मूल असेल तर तसंच राहू द्यावं. शेल्फवर उंच ठेवायचं असेल तर तासून टोक काढावं, रोबोचा चेहराच बदलतो. पायाच्या तळव्यांत आणि चिलखताच्या झालरीच्या आतल्या बाजूला पोकळी दिसते. भिंत सारख्या जाडीची ठेवायची म्हणून ती पोकळी, सिंक मार्कशीच नातं असलेली गोष्ट. तिथे दोन भाग मळून करायची एपॉक्सी पुट्टी भरली की चिलखताला वजन आल्यासारखं वाटतं. आणि जिथे दोन भाग एकमेकांवर सरकतात, खांदा, मांडीची खोबण, तिथे रंगाच्या जाडीएवढी जागा आधीच घासून करून ठेवायची. नाहीतर प्रायमर आणि रंग मिळून इतकी जाडी होते की पहिल्याच हालचालीत रंग खरवडून निघतो.

मग धुणं. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश भागावर राहू शकतो आणि आतापर्यंत आपल्या बोटांचं तेल आणि घासलेली भुकटी तर त्यावर आहेच. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, मऊ टूथब्रश. बारीक भाग गाळणीत धरून धुवावेत, बेसिनच्या जाळीतून गेलेला भाग परत मिळत नाही. कापडाने पुसायचं नाही, तंतू चिकटतात. पसरून वाळू द्यायचे, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हाताळायचे नाहीत.

प्रत्येक भागाला काडी आणि तिच्या टोकाला दात असलेली क्लिप. क्लिपने भाग तिथे पकडायचा जिथलं काहीच शेवटी दिसणार नाही, खुंटी किंवा आतली कड. काड्या रंगाप्रमाणे गटाने लावून ठेवल्या की पुढे गोंधळ होत नाही: गडद हिरवे, फिके हिरवे, राखाडी, काळे. माझ्या झाकूसाठी राखाडी प्रायमर आहे. पिवळा किंवा लाल द्यायचा असता तर पांढरा घेतला असता, कारण ते रंग खालचा गडदपणा झाकू शकत नाहीत. धातूच्या चकाकीखाली काळा बरा पडतो. फवारताना खिडकी उघडी, बाहेर हवा खेचणारा पंखा चालू आणि तोंडावर सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. जुन्या छंदकारांपैकी कोणी यावर हसत असेल तर हसू द्यावं, फुप्फुसं आपली आहेत.

पहिला प्रायमर मी पातळ मारतो आणि तो संरक्षणापेक्षा तपासणीसाठीच मारतो. हिरवं प्लॅस्टिक, राखाडी भराव आणि जोडाचे पट्टे अशी ठिगळं असलेल्या भागावर नजर फसते. एकदा सगळं एका राखाडीत आलं की खरं काय ते दिसतं. दिवा एका बाजूने, अगदी आडवा धरायचा आणि भाग सावकाश फिरवायचा. उभ्या उजेडात निर्दोष वाटलेली नडगी आडव्या उजेडात लगेच जोड दाखवते. तिथे पेन्सिलीची खूण, पुन्हा भराव, पुन्हा ६०० आणि ८००, पुन्हा त्याच जागी प्रायमर. असं दोन-तीनदा होणं अगदी स्वाभाविक आहे, तयारीचा तो भागच आहे.

माझ्या झाकूचं आज असं आहे: डोकं, धड आणि दोन्ही हात प्रायमर होऊन तपासून झाले, पाइप झाले, ढालीवरचा खळगा भरून सपाट झाला. डाव्या पोटरीच्या जोडात घोट्याजवळ तांदळाच्या दाण्याएवढी खाच अजून दिसते, तिथे आज सरफेसर भरलाय. बंदुकीचे अर्धे सगळ्यात शेवटी चिकटवले आहेत, त्यामुळे त्यांना या आठवड्यात हात लावायचा नाही. हिरव्याच्या दोन छटा बरणीत मिसळून ठेवल्या आहेत आणि जुन्या रनरच्या तुकड्यावर फवारून बघितल्या आहेत. फिकी छटा अजून थोडी पिवळ्याकडे न्यावी असं वाटतंय.